शुद्ध बिंब दिसेपर्यंत

हर्षवर्धनच्या आईवडलांना घरी बोलवायची तारीख मी ठरवली. दोन हजार बावीसची दिवाळी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधला मोकळा दिवस, संध्याकाळची वेळ. आता कुणीही म्हणेल, अगं बाई, हैदराबादेत कुकटपल्लीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतेस, त्याचा पगार घेतेस, आणि तुला स्वतःची एवढी ढळढळीत चूक दिसली नाही? नाही दिसली. त्या संध्याकाळी सूर्यग्रहण होतं आणि मला ग्रहणाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

दुर्बीण माझी आहे. हर्षवर्धन भेटला तोही तिच्यापायी. ऑफिसच्या गच्चीवर मी सूर्यावरचे डाग बघायला ती लावत होते, आणि हा शहाणा मागून येऊन सरळ डोळा लावायला वाकला. पुढची फिल्म मी अजून चढवलीसुद्धा नव्हती. मी कॉलर धरून त्याला असा मागं ओढला की शर्टाचं बटण तुटून पडलं. "आंधळा व्हायचंय का रे?" असं मी ओरडले म्हणे, मला आठवत नाही. पण खालून सिक्युरिटीवाला वर आला होता, एवढं आठवतं. आमची ओळख अशी झाली. मग बटण मी लावून दिलं आणि पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, कारण या बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. सूर्य बघायचा तर काळ्या फिल्मचं झाकण दुर्बिणीच्या तोंडावर बसवायचं, जिकडून ऊन आत येतं तिकडं. डोळ्याकडच्या टोकाला काही लावून भागत नाही. तसली एक काळी काच माझ्या दुर्बिणीसोबत आली होती. ती तापून तडकते आणि मग डोळ्याचं काय होतं ते विचारू नका. ती मी पहिल्याच दिवशी बत्त्यानं फोडली, माझ्या धाकट्या बहिणीच्या, पिंकीच्या हाती लागू नये म्हणून. फिल्म लावायच्या आधी दरवेळी ट्यूबलाइटसमोर धरून बघायची, कुठं टाचणीएवढं भोक पडलंय का. पिंकी मला म्हणते, तू तपासतेस तसं लोक नोटापण तपासत नाहीत.

आता आमच्या घरातलं ग्रहण. आम्ही मूळ देगलूरकडचे, बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून घरात एक रीत पडली, ग्रहण लागलं की चूल पेटवायची आणि दारात बसून पोटभर जेवायचं. सगळं गाव दारं लावून आत बसलेलं असायचं आणि आमचं खानदान अंगणात वरण-भात ओरपत असायचं. पप्पा हैदराबादला टेलिफोन खात्यात लागले, मलकपेठेत घर घेतलं, तरी रीत सुटली नाही. फक्त वरण-भाताची बिर्याणी झाली. त्यामुळं लहानपणापासून ग्रहण म्हटलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ग्रहणात लोक जेवत नाहीत हे मला पुस्तकात वाचल्यासारखं माहीत होतं. आपल्या दारात येणारी माणसं ती असतील हे डोक्यातच आलं नाही.

आणि आलं नाही ते नेमकं तेव्हा, जेव्हा यायलाच हवं होतं. कारण पप्पांनी लग्नाला एकच अट घातली होती.

हर्षवर्धनचे लोक उदगीरकडचे शेतकरी. गावाकडं रान अजून आहे, इकडं त्याच्या वडलांचं, प्रतापरावांचं, मोटार-पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. जात वेगळी, हे मी पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं आता काय नि काय होतंय. पण ते एवढंच म्हणाले, "पोरगा चांगला असंल तर मला काही विचारायचं नाही. देणं नको, घेणं नको, पत्रिका आपण मानत नाही. फक्त त्याच्या आईनं माझ्या घरात माझ्यासमोर पाणी प्यावं. पेली तर लग्न. नाही पेली तर पुन्हा विषय नको."

पप्पांना पाणी का लागतं ते मला माहीत होतं. लहानपणी गावात त्यांना ओंजळ करून उभं राहावं लागायचं आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं, तांब्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचावरून. ते गाव सुटलं. पण नोकरीतसुद्धा घरी बोलावलेले लोक यायचे, सोफ्यावर बसायचे, आणि पाण्याचा ट्रे आला की कुणाचा उपास निघायचा, कुणाचं पोट बिघडायचं, कुणी आत्ताच पिऊन आलेला असायचा. शेवटी पप्पांनी लोकांना बोलवायचंच सोडलं.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? आणि तारीख दिली ग्रहणाची. गच्चीवर दुर्बीण लावू, त्यांना सूर्य दाखवू, मग खाली सगळे मिळून जेवू. मी इतकी खूश होते की स्वयंपाकघरात नाचत होते. हर्षवर्धनला सांगितलं तर तो म्हणाला, "आई चालेल म्हणाली." त्याची आई का 'चालेल' म्हणाली ते नंतर कळलं. मुलीकडच्यांनी दिलेली पहिलीच तारीख मोडायची नसते, असं त्यांच्यात आहे. म्हणून ती बाई निमूट हो म्हणाली आणि पहाटेपासून तोंडात काही न घालता बसली. आणि हर्षवर्धननं हे मला सांगितलं नाही, कारण त्याच्या लक्षातच आलं नाही. दोघं एकमेकांना अगदी शोभतो आम्ही.

ते लोक मेट्रोनं आले. कुकटपल्लीहून मलकपेठ सरळ एकच गाडी, बदलायची भानगड नाही. मी गॅलरीतून बघत होते. पुढं हर्षवर्धन, मधे प्रतापराव मिठाईचा पुडा घेऊन, आणि मागं एक काळी छत्री. ऊन उतरायला लागलेलं, ढगाचा पत्ता नाही, आणि छत्रीखाली त्याची आई, सुशीलाबाई, मान खाली घालून स्वतःच्या पावलांकडं बघत चालत होती. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सत्यवतीअम्मांनी आपल्या दारात परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं होतं. ग्रहण लागलं की मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असं त्यांच्यात मानतात. सुशीलाबाईंनी ते पाहिलं आणि अगदी समाधानानं मान डोलावली. तेव्हा कुठं मला पहिल्यांदा शंका आली.

दार उघडताच प्रतापरावांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं. गाडीत बसून सराव केला होता, हे हर्षवर्धननं नंतर सांगितलं. पण दार उघडलं होतं पिंकीनं, आणि ती गडबडून "राम राम" म्हणाली. सगळे हसले. पप्पासुद्धा. मला वाटलं, झालं, जिंकलं. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मग आईनं पाण्याचा ट्रे आणला. माझी आई केसरबाई, कोठी भागातल्या एका दवाखान्यात नर्स आहे, तिचा हात कधी थरथरत नाही. त्या दिवशी गिलास एकमेकांना लागून वाजत होते. ट्रे सुशीलाबाईंपुढं थांबला. त्यांचे हात मांडीवरच राहिले.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "ग्रहण आहे ना. वेध लागलेत."

प्रतापरावांनी हात पुढं केला होता, तो बायकोकडं बघून खिशात घातला. हर्षवर्धननं मात्र दोन गिलास गटागट संपवले. पण त्याच्या पाण्याला काय किंमत, तो आमच्याकडं आला की फ्रिजच उघडतो. मी पप्पांकडं बघितलं. ते हसत होते, पण तसं हसणं मी ओळखते. फोटो काढताना माणूस हसतो ना, तसं.

"हौ, ग्रहण आहे खरं," पप्पा म्हणाले. "सुटल्यावर प्या."

मला वाटलं स्वतःलाच चपलेनं मारावं. पण सूर्य काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी सगळ्यांना गच्चीवर पिटाळलं. सुशीलाबाई तेवढ्या खाली राहिल्या, खिडक्या लावून, पदर डोक्यावर घेऊन. सोबतीला आई.

आमच्या गच्चीवरून रेसकोर्सच्या बाजूला मोकळं आहे. मी फिल्म उजेडाकडं धरून तपासली, दुर्बिणीच्या तोंडावर बसवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून टेप लावली. बाजूची छोटी शोधायची दुर्बीण तर मी आधीच काढून ठेवली होती, न जाणो कुणी तिला डोळा लावला तर. सूर्य धरायचा तर वर बघायचंच नाही. मागं भिंतीवर दुर्बिणीची सावली बघायची. सावली आखडत आखडत अगदी गोल झाली की समजायचं, सूर्य आत आला. मी डोळा लावला आणि होताच तो, केशरी, गोल गरगरीत, आणि खालच्या अंगाला कुणीतरी हळूच दात लावलेला.

पुढं काय सांगू. सगळे वेडे झाले. प्रतापराव डोळा लावून "अरे बाप रे, अरे बाप रे" एवढंच म्हणत होते आणि बाजूला व्हायला तयार नव्हते. पिंकीनं रांग लावली आणि तीच रांग मोडून दोनदा मधे घुसली. सत्यवतीअम्मांचा नातू वर आला, मागून शेजारच्या बिल्डिंगमधली पोरं आली. एक डाग दिसतोय म्हणून हर्षवर्धन मला दाखवत होता आणि तो डाग नव्हता, त्याच्या पापणीचा केस होता. मी इतकी हसले की मला पाण्याच्या टाकीला धरून उभं राहावं लागलं. पप्पासुद्धा वाकले, बघितलं, आणि सरळ होताना म्हणाले, "एवढुसा तर घास घेतलाय. आणि जगभर लोक उपाशी." हे त्यांनी हसतच म्हटलं, पण प्रतापरावांनी ऐकलं आणि जिन्याकडं बघितलं.

आमच्या आरडाओरड्यानं खाली सुशीलाबाईंचा जीव राहीना. आईनं सांगितलं ते असं. आधी त्या म्हणाल्या, पोरं फार हसतायत. मग म्हणाल्या, एवढं काय दिसतंय? मग म्हणाल्या, जन्मात एकदाही बघितलं नाही हो मी, लहानपणी गोधडीत गुंडाळून ठेवायचे. मग त्या उठल्या, छत्री घेतली, आणि जिन्यानं वर आल्या. गच्चीच्या दारात त्या उभ्या राहिल्या तेव्हा हर्षवर्धनचा आ वासला तो मिटेना.

"बघू नये म्हणतात," त्या मला म्हणाल्या. "डोळे जातात."

"खरं आहे काकू," मी म्हटलं. "नुसतं बघितलं तर जातातच. म्हणून तर ही फिल्म लावलीय. तुम्ही सूर्याकडं पाठ करून या, मी हात धरते."

छत्रीसकट आल्या. मी छत्री धरली, त्या वाकल्या, एक डोळा मिटता येईना म्हणून त्यावर पदर दाबला.  मग त्यांच्या खांद्यापासून हसू सुरू झालं. आधी खांदे हलले, मग सगळी बाई हलायला लागली.

"अगं, उष्टा केलाय की त्याला," त्या म्हणाल्या. "उस्मानिया बिस्कीट उंदरानं खाल्ल्यावर दिसतं तसा दिसतोय. एवढं सुंदर असतं होय हे? आणि मला गोधडीत घालत होते?"

त्यानंतर दुर्बीण आम्हाला परत मिळाली नाही. पिंकी म्हणाली, काकू, माझा नंबर. काकू म्हणाल्या, थांब गं, तुम्ही मघापासून बघताय. घास वाढला की त्या आम्हाला ओरडून सांगत होत्या. आईला हात धरून ओढलं, "केसरबाई, या, या, आता अर्धा गेला बघा," आणि तिला जेमतेम बघू देऊन पुन्हा स्वतः वाकल्या. मी हर्षवर्धनचा हात दाबत होते. पप्पांच्या चेहऱ्यावरचं ते फोटोतलं हसू गेलं होतं आणि खरं आलं होतं.

सूर्य खाली खाली जाऊन धुळीत शिरला तसा फिल्ममधून दिसेनासा झाला. प्रतापराव पुढं होऊन म्हणाले, "आता ऊन गेलंच आहे, ते झाकण काढ की, चांगला दिसंल," आणि त्यांनी टेपला हात घातला.

"हात लावायचा नाही," मी खेकसले. "फिल्म निघणार नाही. दिसला तर दिसला, नाही तर नाही."

होणाऱ्या सासऱ्यावर मी खेकसले. प्रतापरावांनी हात मागं घेतला. मग सुशीलाबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. तुमचं दुकान नाही हे, जिथं तिथं हात घालायला." आणि सगळे पुन्हा हसत सुटले. सूर्य तसाच अर्धा खाल्लेला रेसकोर्सच्या झाडांमागं बुडाला.

पप्पा जिन्याकडं वळले. त्यांचा आवाज मी इतका मोकळा कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "चला ताई, संपलं ग्रहण. आता पाणी घ्या, मग पानं मांडू."

सुशीलाबाईंचं हसू हळूहळू उतरलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "कसं सांगू. सूर्य ग्रासलेलाच बुडाला. मोकळा झालेला बघितला नाही. अशा वेळी उद्या शुद्ध बिंब दिसेपर्यंत आम्ही पाणीसुद्धा घेत नाही. माझ्या आईनं, सासूनं, सगळ्यांनी पाळलंय हे."

 पप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "असू द्या ताई. आमच्या घरी आल्यावर लोकांना नेहमी काही ना काही ग्रहण लागतंच." आणि खाली निघून गेले. जाताना जिन्यात आईला म्हणाले ते आम्हाला वर ऐकू आलं, "पुढचं बोलणं नको. पाहुण्यांना नीट पोचवा."

 हर्षवर्धन आईला म्हणायला लागला, अगं एक घोट घे ना, काय होतं एका घोटानं. सुशीलाबाईंनी त्याला हातानं गप्प केलं आणि मला विचारलं, "ते असं का म्हणाले? मी काय त्यांच्या घरचं म्हणून नको म्हटलं का?"

मला राग आला. त्यांचा आला, पप्पांचा आला, सूर्याचासुद्धा आला. मी म्हटलं, "काकू, त्यांना काय माहीत? त्यांना आजवर ज्यांनी ज्यांनी नको म्हटलं त्या सगळ्यांनी असंच काहीतरी कारण सांगितलं. लहानपणी वरून ओतलेलं पाणी पिऊन मोठे झालेत ते. तुमचं ग्रहण खरं आणि त्या लोकांचं खोटं हे पप्पांनी ओळखायचं कशावरून?" एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. फिल्मवर पडेल म्हणून मी दुर्बिणीपासून लांब जाऊन रडले.

सुशीलाबाई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिल्या.  मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुम्ही दोघं जा. मी इथंच राहते."

"इथं म्हणजे?"

"इथं म्हणजे इथं. उद्या सूर्य याच गच्चीवरून बघीन आणि पहिलं पाणी या घरचं पिईन. मग तर कुणाला काही शंका नको."

"अगं, सोयरीक ठरली नाही अजून, आणि मुलीकडं मुक्काम?" प्रतापराव कळवळले. "आणि उद्या पाडवा आहे. मला ओवाळणार कोण?"

"मग सकाळी पहिल्या गाडीनं या. इथं ओवाळते."

खाली येऊन त्यांनी आईकडं अंघोळीचं पाणी मागितलं आणि नेसायला लुगडं. आईनं कपाटातलं विहारात जायचं पांढरं नवं पातळ काढून दिलं. मी पप्पांना सांगायला गेले तर ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. ऐकून उठून बसले. "राहणार? आपल्यात?" असं दोनदा विचारलं. मग बाहेर आले आणि केस पुसत बसलेल्या सुशीलाबाईंना बघून कावरेबावरे झाले. एवढी बिर्याणी, दही-वडे, खट्टी डाळ, ब्रेडचा डबल का मीठा, सगळं टेबलावर तसंच होतं.

"जेवा ना भाऊ," सुशीलाबाई म्हणाल्या. "मला काही होत नाही."

"पाव्हणी उपाशी असताना मी जेवू? असं कुठं असतं काय." आणि त्यांनी आईनं दिलेला पाण्याचा गिलाससुद्धा परत केला.

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बघ तुझा बाप. पौर्णिमेच्या उपासालासुद्धा दोनदा जेवणारा माणूस, आज ग्रहण पाळतोय." तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिनं तिचं मशीन काढलं आणि दोघांचं बीपी तपासलं. दोघांचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. बिर्याणी मी आणि पिंकीनं खाल्ली, स्वयंपाकघरात, दार लावून, चोरासारखी. आजोबांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते देव जाणे, म्हणजे तसं आम्ही म्हणत नाही, पण पिंकी म्हणाली.

सकाळी उजाडायच्या आत पप्पा गच्चीवर. मी गेले तर त्यांनी दुर्बीण दुसऱ्या अंगाला, पूर्वेकडं वळवून ठेवलेली, फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून तपासलेली, टेप लावलेली. ज्या माणसानं आयुष्यभर ग्रहणाची टिंगल केली तो सूर्याची वाट बघत येरझाऱ्या घालत होता. आणि दिलसुखनगरच्या बाजूला धुकं आणि काल रात्रीच्या फटाक्यांचा धूर. थोड्या वेळानं त्यातून एक लालसर गोळा वर आला, अगदी फिका. सहज डोळ्यांनी दिसत होता.

"ताई, आला, आला," पप्पा जिन्याकडं धावले.

सुशीलाबाई वर आल्या, मान खाली घालून. "दुर्बिणीतून दिसतोय का?"

पप्पांनी डोळा लावला. फिल्ममधून काहीच नाही, नुसता अंधार. धुरातला सूर्य तिला पुरत नव्हता. "दुर्बिणीत नाही, पण समोर आहे की. बघा वर."

"नाही हो. नुसत्या डोळ्यांनी बघू नये. तुमच्याच मुलीनं सांगितलंय." आणि त्या माझ्याकडं बघून अशा हसल्या की मला कळलं, बाईला मजा येतेय.

पप्पा परेशान. कधी नव्हे ते मला म्हणाले, शिवानी, एकदाच काढू का फिल्म? मी म्हटलं, पप्पा, बोटं मोडीन. मग काय, गोळा वर सरकायचा आणि पप्पा सावली बघून दुर्बीण हलवायचे, डोळा लावायचे, "काळंच आहे," असं म्हणायचे. ओठ कोरडे पडलेले. आई ट्रेमध्ये पाण्याचा एक गिलास घेऊन उभी होती, त्यावर झाकण. प्रतापराव आणि हर्षवर्धन पहिल्या गाडीनं येऊन पोचले, ओवाळणीचं ताट घेऊनच, आणि धापा टाकत विचारायला लागले, दिसला का? सत्यवतीअम्मा खालून ओरडल्या, "वच्चाडा?" म्हणजे, आला का? पाच माणसं एकदम म्हणाली, नाही.

मग वाकलेल्या पप्पांनी एकदम हात वर केला.

"आला," ते म्हणाले. "कड दिसतेय. लाल. ताई, आला, पुरा आहे, कुठं काही खाल्लेलं नाही."

सुशीलाबाई वाकल्या, पदर एका डोळ्यावर दाबला, आणि फिरून फिरून बघितलं. "अख्खा आहे," त्या म्हणाल्या. "शुद्ध आहे." मग सरळ झाल्या आणि आईकडं हात केला. आईनं झाकण काढून गिलास दिला. आम्ही सगळे त्या गिलासाकडं बघत होतो. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला आणि थांबल्या. 

"भाऊ, तुम्हीही कालपासून कोरडेच आहात," त्या म्हणाल्या. "यजमान तहानलेला असताना मी आधी कशी पिऊ? घ्या."

पप्पांनी विचार केला नाही. तहान एवढी लागली होती की गिलास घेऊन तोंडाला लावला आणि अर्धा एका दमात संपवला. मग एकदम भानावर आले. हातातल्या गिलासाकडं बघितलं, काठावर त्यांच्या ओठांचा ओला डाग होता. त्यांचा चेहरा उतरला. "थांबा ताई, चुकून उष्टा झाला. केसर, दुसरा गिलास आण."

"कशाला?" असं म्हणून सुशीलाबाईंनी तो गिलास त्यांच्या हातातून काढून घेतला, तोंडाला लावला, आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

 पप्पांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. आईचा ट्रे मात्र आता अगदी स्थिर होता. सुशीलाबाईंनी रिकामा गिलास त्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता चहा टाका केसरबाई. आणि बिर्याणी उरली असंल तर तीही गरम करा, रात्रभर वास येत होता."